वाचकांचे प्रश्न : लाल शाईच्या चार नोंदी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. २००१ साली मी फौजेत भरती झालो आणि २०१४ साली, तेरा वर्षांची नोकरी झाल्यावर, ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ असा शेरा देऊन मला घरी पाठवण्यात आले. माझ्या नावावर लाल शाईच्या, म्हणजे सेवेच्या कागदांत लाल शाईने लिहिलेल्या शिक्षांच्या, चार नोंदी होत्या. दोन वेळा रजा संपल्यावर मी उशिरा हजर झालो. एकदा वडील दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होते म्हणून आणि एकदा घरात बाळंतपण अडले म्हणून. तिसरी नोंद दारूची आहे आणि चौथी वरिष्ठांशी झालेल्या शब्दाशब्दीची. कारणे दाखवा नोटीस आली तेव्हा मी अर्ध्या पानाचे उत्तर दिले आणि थोड्याच दिवसांत डिस्चार्जचा हुकूम हातात पडला. आता मी एका जिनिंगवर चौकीदारी करतो आणि दोन एकर वावर वाहतो. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचे ओळखपत्रही नाही. २६ जानेवारीला गावात माजी सैनिकांचा सत्कार होतो, तेव्हा माझे नाव कोणी पुकारत नाही. पुतण्याने मोबाइलवर पाहिले की एक अर्ज भरला की डिस्चार्ज ‘अपग्रेड’ होतो आणि तालुक्याच्या गावी एकाने तो अर्ज भरून देण्याचे पैसेही सांगितले आहेत. हे खरे आहे का? माझा डिस्चार्ज सन्मानाचा होऊ शकतो का? कृपया माझे व पलटणीचे नाव छापू नये.

उत्तर : पैसे सांगणाऱ्या त्या माणसाला आधी नकार कळवा. तुमच्या पुतण्याने जे पाहिले ते खोटे नाही, पण ते अमेरिकेचे आहे. तिथल्या सैन्यात डिस्चार्जच्या ठरलेल्या प्रती, म्हणजे दर्जे, असतात. पूर्ण सन्मानाचा, त्याखालचा सर्वसाधारण, त्याहून खालचा, आणि लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने मिळणारे आणखी दोन. सैनिकाला आपली प्रत वाढवून मागायची असेल तर डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आत ‘डीडी २९३’ नावाचा अर्ज पुनर्विलोकन मंडळाकडे करता येतो. व्हिएतनामच्या युद्धातून आलेल्या अनेकांची गैरवर्तणूक ही मनावर झालेल्या आघाताची खूण होती, हे मान्य करून २०१४ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्र्यांनी अशा अर्जांकडे उदारपणे पाहण्याची सूचनाही दिली. परंतु हे मंडळ फक्त त्यांच्या सैनिकांसाठी आहे. भारतीय सैन्यातून आलेल्या माणसाने तो अर्ज भरला तर त्यातून पैसे भरून घेणाऱ्याखेरीज कोणाचाही फायदा होणार नाही.

आपल्याकडे डिस्चार्जची प्रत वाढवून देणारे असे वेगळे मंडळ नाही. आपल्या कायद्याने विचारायचा प्रश्नच निराळा आहे: ज्या हुकुमाने तुम्हाला काढले, तो हुकूम नियमाने निघाला होता का? नसेल तर तो रद्द होतो, आणि तो रद्द झाला की पेन्शन, माजी सैनिकाचा दर्जा आणि तुम्ही म्हणता तो सन्मान, हे सगळे त्याच्या मागोमाग येते. तुमच्या पत्रात सत्काराचे दुःख पेन्शनच्या दुःखापेक्षा मोठे दिसते आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही न्यायाधिकरणासमोर ‘माझ्यावरचा डाग पुसा’ अशी मागणी करू नका, ‘हा हुकूम बेकायदा आहे’ अशी करा.

आता तुमचा डिस्चार्ज कोणत्या प्रकारचा आहे ते पाहू. १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे बडतर्फी म्हणजे डिसमिसल हा एक प्रकार आणि डिस्चार्ज हा दुसरा. बडतर्फ झालेल्याला पेन्शन वा ग्रॅच्युइटी मिळत नाही. अपवादात्मक परिस्थितीत राष्ट्रपतींच्या मंजुरीने काही मिळू शकते, एवढेच. डिस्चार्ज झालेल्याचा हक्क मात्र नोकरीच्या वर्षांप्रमाणे शाबूत राहतो. तुमचे प्रकरण दुसऱ्या प्रकारातले आहे आणि ही तुमच्या बाजूची पहिली गोष्ट. ‘सेवेची आता गरज नाही’ हा शेरा साधारणपणे १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम १३ च्या तक्त्यातल्या ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ या कलमाखाली येतो. तिथे हुकूम काढण्याचा अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरला आहे, कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाला, नाही. आणि परिस्थिती अनुकूल असेल तर हुकमाआधी संबंधित जवानाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी, असेही तिथेच म्हटले आहे. तुमच्या डिस्चार्ज बुकात जिथे नोकरी संपल्याचे कारण लिहिले आहे, तिथे नियमाचा क्रमांकही असतो. तो नीट वाचा. त्याच पुस्तकात ‘कॅरेक्टर’ असा एक रकाना आहे. ‘एक्झेम्प्लरी’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’ असे शब्द त्यात भरतात. पुष्कळ लोक या रकान्यालाच आपल्या डिस्चार्जचा दर्जा समजतात आणि तिथल्या एका शब्दापायी वर्षानुवर्षे मनात कुढत राहतात. तो शब्द आणि नोकरी संपल्याचे कलम या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि पेन्शनचा निकाल कलमावर लागतो.

आर्मी ॲक्टच्या कलम २३ मध्ये एक तरतूद आहे, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरी संपलेल्या जवानाला कमांडिंग ऑफिसरने जे प्रमाणपत्र द्यायचे, ते इंग्रजीबरोबरच त्याच्या मातृभाषेतही द्यायचे असते आणि त्यात नोकरी कोणी संपवली, कशासाठी संपवली आणि एकूण किती काळ झाली, हे नमूद करायचे असते. तुम्हाला असे मराठी प्रमाणपत्र मिळाले होते का, हे पत्रात नाही. मिळाले असेल तर ते शोधा. मिळाले नसेल तर मागा. एवढ्यावरून हुकूम रद्द होईल असे समजू नका, पण काढण्याचे कारण तुम्हाला तुमच्या भाषेत कधी सांगितलेच गेले नव्हते, हे पुढे विलंबाचा खुलासा करताना उपयोगी पडू शकते.

आता मुख्य मुद्दा. चार लाल नोंदी झाल्या की माणूस घरी जातो, असे पलटणीत सर्रास बोलले जाते आणि तुमच्या पत्रातही तुम्ही ते गृहीत धरले आहे. कायदा तसा नाही. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात याची कार्यपद्धती घालून दिलेली होती. आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी करायची. ती ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’च, म्हणजे लष्कराची औपचारिक चौकशीच, असली पाहिजे असे नाही, पण जवानाला आपली बाजू मांडण्याची आणि साक्षीदार देण्याची पुरेशी संधी हवी. त्यानंतर शिफारस, नोटीस, उत्तर आणि मग हुकूम. त्याच पत्रात हेही सांगितले होते की चार लाल नोंदींमुळे डिस्चार्ज करणे सक्तीचे नाही. प्रत्येक नोंद कोणत्या गुन्ह्याची आहे हे पाहावे, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये, त्याची दीर्घ सेवा, तो कोणत्या खडतर ठिकाणी राहिला आणि कशा परिस्थितीत राहिला याचा विचार करावा, आणि सेवेच्या हिताला अगदी आवश्यक असेल तेव्हाच डिस्चार्ज द्यावा. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच सूत्रे उचलून धरली, केवळ नोंदी मोजून काढलेला डिस्चार्जचा हुकूम रद्द केला आणि पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत ते नोकरीत होते असे मानावे, असा आदेश दिला. मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही. तुमची तेरा वर्षे झाली आहेत आणि अधिकारी नसलेल्या सैनिकाला पेन्शनसाठी १५ वर्षे लागतात. कमी पडणारी सेवा माफ करण्याची जी प्रशासकीय सवलत आहे ती जास्तीत जास्त एक वर्षाची आहे, म्हणून तो रस्ता तुम्हाला पुरणार नाही. तुमचा रस्ता दुबे यांच्या निकालाचाच आहे.

तेवढ्यावर लगेच हुरळून जाऊ नका. २०१९ मध्ये सतगुरसिंग यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वारंवार रजेवरून उशिरा येणाऱ्या जवानाचा डिस्चार्ज कायम ठेवला. १९८८ च्या पत्रातली चौकशी म्हणजे खातेनिहाय चौकशी नव्हे; नोटीस दिली, उत्तर आले आणि त्या उत्तराचा विचार करून हुकूम निघाला, तर प्रक्रियेत न्याय्यपणा दिसतो, असा त्याचा आशय आहे. नोटीस तुम्हालाही मिळाली होती. म्हणजे तुमच्या प्रकरणाची मेख अशी की तुमच्या त्या अर्ध्या पानाच्या उत्तराचे पुढे काय झाले. ते ब्रिगेड कमांडरपर्यंत गेले का? हुकुमात त्याचा उल्लेख आहे का? वडिलांच्या आजारपणाबद्दल तुम्ही त्यात लिहिले होते का, आणि लिहिले असेल तर त्यावर कोणी एक ओळ तरी लिहिली का? हे कागद पाहिल्याखेरीज कोणताही वकील तुम्हाला खात्री देऊ शकणार नाही. देत असेल तर दुसरा वकील पाहा.

म्हणून सुरुवात कागदांपासून करा. सातबाऱ्यावरची नोंद का बदलली हे पाहायला आपण फेरफार काढतो, तसेच इथे करायचे आहे. तुमच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘रेकॉर्ड’ म्हणतात तिथे, माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. महारचे रेकॉर्ड सागरला, मराठाचे बेळगावला आणि गार्ड्सचे कामठीला आहे. तुमचे कोणते ते डिस्चार्ज बुकात दिलेले असते. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा आणि डिस्चार्जची तारीख लिहून शीट रोल (तुमच्या सेवेचे मुख्य नोंदपत्रक), चारही शिक्षांचे तारीखवार तपशील व कलमे, प्राथमिक चौकशीचे कागद, नोटीस, तुमचे उत्तर, कमांडिंग ऑफिसरची शिफारस आणि ब्रिगेड कमांडरचा मूळ हुकूम यांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. ‘प्राथमिक चौकशीचे कागद उपलब्ध नाहीत’ असे उत्तर आले तर निराश होऊ नका. तुमच्या दाव्यात तोच सर्वांत उपयोगी कागद ठरू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची सेवापत्रके २५ वर्षे जपून ठेवतात आणि नंतर नष्ट करतात. तुम्हाला अजून वेळ आहे, पण तो वाया घालवण्याइतका नाही.

रेकॉर्डचे कागद येईपर्यंत घरचे कागद गोळा करा. आर्मी ॲक्टच्या कलम ३९ प्रमाणे रजा संपल्यावर ‘पुरेशा कारणाशिवाय’ बाहेर राहणे हा गुन्हा आहे. नुसते बाहेर राहणे नव्हे. वडिलांचे दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, बाळंतपणाच्या वेळची दवाखान्यातली नोंद, मुलाचा जन्मदाखला आणि त्यांच्या तारखा तुमच्या रजेच्या तारखांशी जुळतात का ते एका कागदावर मांडून पाहा. त्या वेळी गावातून पलटणीला तार, फोन किंवा पोलीस पाटलांचे पत्र गेले असेल तर त्याचा काही पुरावा मिळतो का तेही पाहा. तेरा वर्षांत कुठे कुठे पोस्टिंग झाले आणि त्यात फील्ड व उंचावरचा प्रदेश किती, हेही लिहून काढा, कारण ‘खडतर ठिकाणी केलेली सेवा’ हा १९८८ च्या पत्रातला निकष आहे आणि तो तुमच्या नोंदींशेजारी ठेवूनच वाचला गेला पाहिजे.

दारूच्या नोंदीबद्दल पत्रात तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. अर्जात तसे करू नका. ती कधीची, कशी आणि किती शिक्षेची, हे सरळ लिहा. चारांतली एक नोंद झाकलेली आढळली तर उरलेल्या तिन्हींवरचा विश्वास उडतो. उलट चार नोंदींतली एकच खरोखर बेशिस्तीची होती, असे मांडता आले तर १९८८ च्या पत्रातला ‘प्रत्येक नोंदीचे स्वरूप पाहावे’ हा मुद्दा तुमच्या बाजूने उभा राहतो.

कागद हातात आले की अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे करायचा. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून ते काम करू लागले. फौजेत त्याला ए.एफ.टी. म्हणतात. नोकरीतून बाहेर पडलेल्या माणसाला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई. शेवटचे पोस्टिंग जिथे होते तिथे जायची गरज नाही. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई गाठता येते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. त्याआधी सेनाप्रमुखांच्या नावे एक निवेदन पाठवा, कारण उपलब्ध उपाय आधी वापरून पाहावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. सहा महिन्यांत निवेदनावर निर्णय झाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते.

तुमच्या प्रकरणातली सर्वांत अवघड गोष्ट मुदत आहे. अंतिम हुकमापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो आणि तुमची तर कित्येक वर्षे उलटली आहेत. पुरेसे कारण दाखवले तर न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते, पण जुन्या दाव्यावर आज निवेदन पाठवले आणि त्याला उत्तर आले म्हणून मुदत नव्याने सुरू होते, असे नाही. दरमहा न मिळणारे पेन्शन ही चालू राहणारी हानी मानून न्यायालये विलंबाकडे थोडे नरमाईने पाहतात आणि थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. २००८ च्या तरसेमसिंग यांच्या निकालापासून ही रीत पक्की झाली आहे. मात्र तुमचे पेन्शन अडले आहे ते डिस्चार्जच्या हुकमामुळे, आणि तो हुकूम एकदाच निघाला. सरकारी वकील नेमके यावर बोट ठेवतील. म्हणून विलंबाचा खुलासा ‘कायदा माहीत नव्हता’ एवढ्यावर सोडू नका. घरची परिस्थिती, आजारपण, शेतीचे कर्ज, मधल्या काळात कोणाकोणाकडे गेलात आणि काय उत्तर मिळाले, हे वर्षवार आणि पुराव्यासह लिहा.

यश आले तर काय मिळेल, तेही स्पष्ट असावे. तुम्ही पुन्हा वर्दीत जाणार नाही आणि मागचा पगार मिळण्याची शक्यता नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्याचे मानून पेन्शन सुरू होईल आणि आधी मिळालेली ग्रॅच्युइटी त्यात वळती करून घेतली जाईल. आज ओळखपत्र नाकारले जाते ते कोणाच्या लहरीमुळे नाही. माजी सैनिकाच्या व्याख्येत पेन्शनसह निवृत्त झालेले येतात आणि गैरवर्तन वा अकार्यक्षमतेमुळे मुदतीआधी काढलेले येत नाहीत. पेन्शन सुरू झाले की ती अडचण दूर होईल आणि ओळखपत्र, कॅन्टीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांसाठी अर्ज करता येईल. यश आले नाही तर? न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचा रिट अधिकार शिल्लक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परशोत्तम दास यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण खर्चाचा विचार करता ती पायरी गाठावी लागणार नाही अशा तयारीनेच पहिला अर्ज करा.

प्रश्न : माझे यजमान फौजेत होते. २००५ मध्ये समरी कोर्ट मार्शल (कमांडिंग ऑफिसरने चालवलेला संक्षिप्त लष्करी खटला) होऊन गैरहजेरीसाठी त्यांना बडतर्फ केले. त्याआधी लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार झाले होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मला काही मागता येईल का? (एक भगिनी, गोंदिया जिल्हा)

उत्तर : ताई, मागता येईल, परंतु तुमचे प्रकरण वरच्या प्रकरणापेक्षा कठीण आहे, कारण ही बडतर्फी आहे. रजेवरून १०८ दिवस उशिरा आलेल्या एका जवानाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम केली. त्यामुळे केवळ ‘शिक्षा जास्त झाली’ एवढ्या मुद्द्यावर विसंबून राहू नका. तुमचा आधार आजार हा आहे. रुग्णालयाचे दाखल-डिस्चार्जचे कागद, त्यांची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीची श्रेणी, खाली आणल्याची नोंद, आणि गैरहजेरीचा काळ उपचारांच्या किती जवळचा होता, हे आधी पाहावे लागेल. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या मानसिक स्थितीत नसेल तर काय करायचे, हे आर्मी ॲक्टच्या कलम १४५ मध्ये सांगितले आहे. शिवाय समरी कोर्ट मार्शलमध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला असेल तर त्या कबुलीचा अर्थ व परिणाम त्याला आधी समजावून सांगणे आणि तसे केल्याची नोंद ठेवणे नियम ११५ प्रमाणे बंधनकारक आहे. ती नोंद कार्यवाहीच्या कागदांत आहे का, ते तपासून घ्या.

२००७ च्या कायद्याने वारसांनाही न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरेसा आहे. जाताना यजमानांचे डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, विवाहाचा पुरावा आणि दवाखान्याचे असतील नसतील तेवढे कागद सोबत न्या. यजमानांची सेवापत्रके २५ वर्षांच्या हिशेबाने २०३० च्या सुमारास नष्ट होण्याच्या यादीत जातील, म्हणून रेकॉर्डकडे माहितीचा अर्ज वकील मिळण्याची वाट न पाहता याच महिन्यात पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.